कुंभाराची माती आणि ओताऱ्याचा साचा

आपल्या गावगाड्यात वस्तू घडवण्याच्या दोन रीती पिढ्यान् पिढ्या शेजारी शेजारी नांदल्या. कुंभार ओली माती चाकावर चढवतो आणि बोटांच्या दाबाने तिला आकार देतो. पुढे थापटण्याने ती ठोकून, उन्हात वाळवून, आव्यात भाजतो. ओतारी घडवत नाही, तो ओततो. मेणाचा आकार करावा, त्याभोवती मातीचा साचा बांधावा, मेण वितळवून काढावे आणि त्या पोकळीत तापलेले पितळ सोडावे, ही त्याची पद्धत. पितळ थंड झाले की साचा फोडायचा. घंटेवरची वेलबुट्टी, समईवरचा हंस, देवाच्या मुखवट्यावरची बारीक रेघ, हे सारे ओताऱ्याला साधते. चाकाला ते साधत नाही. चाकावरून उतरणारी वस्तू मुख्यतः गोलच असते. मग एक प्रश्न सहज मनात येतो. कुंभाराचा पदार्थ ओताऱ्याच्या साच्यातून काढता येईल काय? माती पितळासारखी ओतावी, ती साच्यात जशीच्या तशी गोठावी आणि कितीही अवघड आकार असला तरी तडा न जाता बाहेर यावी, असे घडेल काय? प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. त्या उत्तराचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत.

हा विषय शिवऱ्यासारख्या गावाला परका आहे, असे कोणास वाटेल. शिवरे हे भोर तालुक्यातले, पुणे-सातारा हमरस्त्यावरचे गाव. त्या रस्त्याच्या कडेला क्षणभर उभे राहून पाहावे. येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलच्या एंजिनात स्पार्क प्लग असतो आणि त्याचा पांढरा दांडा ॲल्युमिनाचा, म्हणजे भाजलेल्या चिनी मातीच्या जातीतल्याच एका पदार्थाचा असतो. पेट्रोलच्या मोटारीच्या धूरनळीत प्राणवायू मोजणारा जो संवेदक बसवतात, त्याचे मर्म झिर्कोनियाच्या एका लहानशा तुकड्यात असते. धूर शुद्ध करणारा मधमाशांच्या पोळ्यासारखा ठोकळा असतो, तोही भाजलेल्या खनिजांचाच. रस्त्यावर पिवळा प्रकाश टाकणारे सोडियमचे दिवे अनेक वर्षे लागत असत. त्यांच्या आतली अर्धपारदर्शक नळी ॲल्युमिनाचीच होती. गावच्या कुंभाराचा आवा विझला असेल, पण कुंभारकी विझलेली नाही. ती रूप पालटून याच रस्त्यावरून रोज हजारो वेळा जाते.

या नव्या कुंभारकीचा पदार्थ मात्र जुन्या मातीहून स्वभावाने फार वेगळा आहे. नदीकाठच्या मातीचे कण पापुद्र्यासारखे चपटे असतात. पाणी मिळाले की ते एकमेकांवरून सरकतात आणि दाब काढला तरी जिथे सरकले तिथेच राहतात; मातीचा लोच तो हाच. ॲल्युमिनाच्या भुकटीला असा लोच नाही. पाणी घालून ती कितीही मळली तरी चाकावर उभी राहायची नाही. ती वितळवून ओतावी, तर तिचा वितळबिंदू सुमारे २०७० अंश सेल्सियस. एवढे करून ओतलीच तरी थंड होताना तिचे स्फटिक वाढतात, पोकळ्या राहतात, तडे जातात, आणि हाती येतो तो नाजूक भागाला निरुपयोगी असा ठोकळा. म्हणून भुकटीला आधी थंड अवस्थेतच आकार द्यायचा आणि मग सुमारे १६०० अंशांवर भाजून कणांना कण जोडायचे, एवढाच मार्ग उरतो. या भाजण्यात वस्तू प्रत्येक दिशेने साधारणपणे सहाव्या हिश्श्याने आखडते आणि दगडाहून कठीण होते. नंतर तिला धार लावायची झाली तर हिऱ्यावाचून गती नाही, आणि हिऱ्याची घासाई हा फार मोठा खर्च. सबब जो आकार हवा तो भाजण्यापूर्वीच, आखडण्याचा हिशेब धरून, अचूक देणे भाग पडते.

त्यात आणखी एक अडचण आहे. इंग्रज शास्त्रज्ञ ए. ए. ग्रिफिथ याने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात काचेच्या अभ्यासावरून असे दाखवले की, ठिसूळ पदार्थाचे बळ त्याच्या सरासरी गुणावर अवलंबून नसते; त्याच्या अंगातल्या सर्वांत मोठ्या दोषावर ते अवलंबून असते. पितळात एखादी बारीक पोकळी राहिली तर पितळ तिच्याभोवती थोडे वाकते आणि निभावून नेते. ॲल्युमिना वाकत नाही. केसाएवढी फट, हवेचा एक बुडबुडा, कणांची एक गुठळी, यांपैकी काहीही आत राहिले की तिथूनच वस्तू दुभंगायची. आणि हे दोष बहुधा भट्टीत जन्मत नाहीत. ते आकार देतानाच शिरतात. भट्टी त्यांना फक्त कायमचे करते. म्हणून या धंद्यात आकार देण्याची कला हीच मुख्य कला ठरली.

ओतण्याचा पहिला मोठा प्रयोग युरोपात अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रूढ झाला. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यातले कुंभार प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे साचे वापरू लागले. माती पाण्यात कालवून तिचा साईसारखा पातळ घोल करायचा. त्याला स्लिप म्हणतात. ही स्लिप साच्यात ओतली की प्लॅस्टर तिच्यातले पाणी शोषून घेते आणि साच्याच्या भिंतीला मातीचा थर बसत जातो. पुरेसा थर झाला की उरलेली स्लिप ओतून द्यायची. चहाच्या किटल्या, बशा, पुढे शौचकुपे आणि विजेच्या कामाच्या कित्येक वस्तू या रीतीने झाल्या, आजही होतात. रीत स्वस्त आहे आणि तिने जगावर उपकारही मोठे केले आहेत.

परंतु तिच्या मर्यादा तिच्या स्वभावातच आहेत. आपल्या घरी श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगतात. पाणी गळून जाते आणि चक्का उरतो. तो फडक्याजवळ घट्ट असतो, मध्ये ओलसर असतो. आणि गाठोडे मोठे असेल तर मधला भाग सुकायला रात्रसुद्धा पुरत नाही. स्लिपचेही तसेच आहे. पाण्याला बसलेल्या थरातूनच वाट काढावी लागते, म्हणून थर जसजसा जाड होतो तसतसा तो वाढण्याचा वेग मंदावतो. हिशेब असा की, दुप्पट जाडीला चौपट वेळ लागतो. किटलीची पातळ भिंत सहज होते. पण जिचा गाभा जाड आणि कडा पातळ अशी एखादी वस्तू घेतली की गाभा भरेपर्यंत कडा सुकून आखडू लागते, आणि तडा तेथेच जातो.

दुसरा मार्ग प्लॅस्टिकच्या धंद्याने दाखवला. भुकटीत मेण किंवा प्लॅस्टिक मोठ्या प्रमाणात मिसळायचे, तापवून मऊ करायचे आणि दाबाने पोलादी साच्यात शिरवायचे. स्पार्क प्लगच्या दांड्यांसाठी हा मार्ग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चोखाळला गेला. आकार हुबेहूब येतो, वेगही चांगला. पण साच्यातून निघालेल्या वस्तूच्या घनफळात चाळीस टक्क्यांच्या आसपास मेणच असते, आणि भाजण्यापूर्वी ते सगळे हळूहळू जाळून काढावे लागते. घाई केली तर आतला वायू वस्तू फोडून बाहेर पडतो. लहान दांडा असेल तर निभते. मनगटाएवढी जाड वस्तू असेल तर हे मेण काढण्यातच दिवसचे दिवस जातात, आणि एवढे करूनही ती फुगलेली निघण्याची धास्ती राहतेच.

ही कोंडी फुटण्याची निकड निर्माण झाली ती मोटारीच्या एंजिनामुळे. १९७१ साली अमेरिकेच्या संरक्षण संशोधन विभागाने ठिसूळ पदार्थांपासून गॅस टर्बाइन बनवण्याची एक योजना हाती घेतली. फोर्ड आणि वेस्टिंगहाउस या कंपन्या तीत सामील होत्या. १९७३ च्या तेलटंचाईने या कल्पनेला धार आली. एंजिन जितके अधिक तापमानावर चालेल तितके ते इंधनाचे अधिक काम करून घेते; धातू एका मर्यादेपलीकडे मऊ पडतो, सिलिकॉन नायट्राइड मात्र तग धरते. १९८३ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने उष्ण एंजिनांसाठी सिरॅमिक विकसित करण्याचा कार्यक्रम सुरू केला आणि त्याची व्यवस्था टेनेसी राज्यातल्या ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे सोपवली. ही प्रयोगशाळा १९४३ मध्ये अणुबाँबच्या प्रकल्पासाठी जन्मास आलेली. चाळीस वर्षांनी ती एंजिनाच्या चाकाचा विचार करू लागली. टर्बाइनचे चाक म्हणजे मध्ये जाड तुंबा आणि भोवती पानासारखी पातळ, पिळदार पाती. स्लिप ओतावी तर पात्यांशी तडा, मेण भरावे तर तुंबा फुगतो. जुन्या दोन्ही रीतींच्या उणिवा या एका चाकात एकवटल्या होत्या.

ओक रिजमध्ये मार्क जॅनी आणि ओगबेमी ओमाटेटे या दोघांनी जो मार्ग काढला, त्याला जेलकास्टिंग असे नाव मिळाले. जॅनीचे पहिले पेटंट १९९० साली मंजूर झाले. त्यात द्रव म्हणून सेंद्रिय द्रावक होते. पाण्यावर चालणाऱ्या पद्धतीचे पेटंट दोघांच्या नावे १९९१ साली झाले, आणि खरे महत्त्व याच दुसऱ्या पद्धतीला आहे. तिच्यातली कल्पना अशी. स्लिपच्या रीतीत पाणी बाहेर काढून वस्तू घट्ट होते. येथे पाणी बाहेर काढायचेच नाही. त्याला जागच्या जागी बांधून टाकायचे. आमच्या घरगुती दाखल्यात सांगायचे तर हा चक्का टांगण्याचा मार्ग सोडून विरजण लावण्याचा मार्ग होय. दुधाला विरजण लावले की थेंबभरही पाणी न गळता सगळे भांडे एकाच वेळी घट्ट होते. कडेला आणि मध्ये फरक नसतो, आणि भांडे वाटीएवढे असो की घागरीएवढे, लागणारा वेळ फारसा बदलत नाही.

कृती पाहू. ॲल्युमिनाची भुकटी पाण्यात अशी कालवायची की एकूण घनफळाचा निम्मा भाग, शक्य तर त्याहून अधिक, भुकटीच असावा आणि तरीही मिश्रण काकवीसारखे वाहावे. हे आपोआप होत नाही; कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. म्हणून प्रत्येक कणाला सारख्याच जातीचा विद्युतभार देणारे एक द्रव्य थोडेसे घालतात, म्हणजे कण एकमेकांना दूर लोटत राहतात. त्या पाण्यात आधीच ॲक्रिलामाइड नावाचे विद्राव्य सेंद्रिय द्रव्य विरघळवलेले असते. मग मिश्रणातली हवा निर्वात पंपाने काढायची आणि शेवटी अमोनियम पर्सल्फेट घालायचे. आमच्या दाखल्यातले विरजण ते हेच. आता साच्यात ओतायचे. काही मिनिटांत, फार तर तासाभरात, ॲक्रिलामाइडचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांचे जाळे तयार होते आणि पाणी व कण दोन्ही त्या जाळ्यात जिथल्या तिथे अडकतात. साचा काचेचा, धातूचा, प्लॅस्टिकचा वा मेणाचा, कशाचाही चालतो, कारण त्याला पाणी शोषायचे नसते. ओताऱ्याचे मेण येथे पुन्हा कामास आले, ही गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते.

साच्यातून निघालेली वस्तू खरवसाच्या वडीसारखी ओली आणि लवचीक असते. ती एकदम उन्हात टाकली तर वरची कातडी आखडून वाकडी होते. म्हणून प्रथम नव्वद टक्क्यांहून अधिक दमट हवेत तिला सावकाश वाळवतात. पूर्ण वाळल्यावर तिच्यात सेंद्रिय द्रव्य वजनाने जेमतेम तीन-चार टक्के उरते. मेणाच्या रीतीशी ताडून पाहिले म्हणजे या आकड्याचे महत्त्व ध्यानात येते. एवढे थोडे द्रव्य जाळून काढण्यास वेळ लागत नाही, आणि वस्तू फुगण्याचे भय जवळजवळ संपते. शिवाय वाळलेली वस्तू इतकी बळकट असते की, भाजण्यापूर्वीच तिला लेथवर वा ड्रिलखाली धरून भोके पाडता येतात, आटे कापता येतात. जे काम नंतर हिऱ्याने करावे लागले असते ते साध्या पोलादी हत्याराने होते. १९९० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे अलाइडसिग्नल कंपनीने याच रीतीने सिलिकॉन नायट्राइडची टर्बाइन चाके ओतली. कुंभाराची माती अखेर ओताऱ्याच्या साच्यातून बाहेर आली.

येथे गोष्ट संपवली असती तर ती एका विजयाची गोष्ट झाली असती. परंतु इतिहासकाराने कारखान्याच्या मालाबरोबर कामगाराच्या हाताकडेही पाहिले पाहिजे. ॲक्रिलामाइड हे मज्जातंतूंना विषारी आहे. जाळे विणून झाल्यावर त्याचा उपद्रव फारसा नसतो. पण ते द्रव्य सुटे असताना कातडीतूनही अंगात शिरते, हातापायांना मुंग्या येतात, बधिरता येते, चालताना तोल जातो. १९९४ साली कर्करोगसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने माणसास बहुधा कर्करोगजनक असणाऱ्या द्रव्यांत त्याची गणना केली. प्रयोगशाळेत हातमोजे घालून चार चमचे द्रव्य हाताळणारा शास्त्रज्ञ आणि रोज आठ तास पिंपे रिकामी करणारा मजूर यांच्या वाट्याला येणारे विष सारखे नसते.

हे विष काय करू शकते याचा जगाला धडा मिळाला तो निराळ्याच धंद्यात. दक्षिण स्वीडनमध्ये हालांडसोस डोंगरातून रेल्वेचा बोगदा खणताना पाणी फार झिरपू लागले. १९९७ साली ते थोपवण्यासाठी ॲक्रिलामाइडयुक्त द्रव्य खडकाच्या भेगांत भरण्यात आले. कल्पना तीच: साऱ्या भेगेत भरावे आणि तेथेच गोठावे. पण पाण्याच्या लोटात सगळे गोठले नाही. सुटे विष ओढ्यांत उतरले, मासे मेले, ते पाणी प्यालेल्या गाईंचे पाय लुळे पडले, आणि बोगद्यात राबणाऱ्या मजुरांच्या हातापायांतही मज्जातंतूंच्या विकाराची लक्षणे दिसू लागली. पुढे मजुरांच्या रक्ताची तपासणी करताना, ज्यांचा बोगद्याशी संबंध नव्हता अशा माणसांच्या रक्तातही त्या द्रव्याच्या खुणा आढळल्या. त्यांचा माग काढता काढता २००२ साली स्टॉकहोमच्या संशोधकांनी जाहीर केले की, बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ कडक तळले वा भाजले की त्यांत ॲक्रिलामाइड आपोआप तयार होते. मजुरांच्या दुखण्याने अशा रीतीने साऱ्या जगाच्या स्वयंपाकघरावर प्रकाश पाडला.

जेलकास्टिंगच्या जनकांना या दोषाची जाणीव लवकरच झाली होती, हे त्यांच्या श्रेयाकडे मांडले पाहिजे. १९९८ साली जॅनी, ओमाटेटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी विषारी अशा मेथॅक्रिलामाइडवर आधारलेल्या पद्धतीचा निबंध प्रसिद्ध केला. परंतु एकदा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे तो एवढ्यावर थांबत नाही. विष कमी करण्यापेक्षा विषच नको, असे म्हणणाऱ्यांनी निराळ्या वाटा धरल्या. अलाइडसिग्नलमध्येच फॅनेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली समुद्रशेवाळातून निघणारे अगर वापरले होते. आपल्याकडे ते चायनाग्रास म्हणून वाण्याच्या दुकानात मिळते. उकळत्या पाण्यात विरघळते आणि निवले की गोठते. स्वित्झर्लंडमध्ये झुरिच येथे गाउक्लर यांच्या गटाने तर जाळे विणण्याची कल्पनाच सोडून दिली. कणांना दूर लोटणारा विद्युतभारच काढून घेतला तर कण आपण होऊन एकमेकांना बिलगतील, असा त्यांचा विचार. आणि तो भार हळूहळू काढून घेण्यासाठी त्यांनी युरियाचे विघटन करणारे एक जैविक विकर मिश्रणात सोडले.

या शोधात आपल्या देशाचा वाटा कोणता, हे विचारणे आपले कर्तव्य आहे. २००१ साली खरगपूरच्या आय. आय. टी.त संतनू धारा आणि पराग भार्गव यांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा उपयोग करून ॲल्युमिना ओतल्याचा निबंध अमेरिकन सिरॅमिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अंडे उकडताना बलक गोठतो, हे कोणास ठाऊक नाही? त्याच गुणावर ही रीत उभी आहे: मिश्रणात बलक घालायचा, साच्यात ओतून ऐंशी अंशांच्या आसपास तापवायचे, की प्रथिनांचे जाळे तयार होते. बलकाला फेस येतो ही मोठी अडचण होती. पुढे २००३ साली त्याच दोघांनी त्या अडचणीचाच उपयोग करून घेतला आणि मुद्दाम फेस घुसळून स्पंजासारखे सच्छिद्र सिरॅमिक तयार केले. भार्गव हे पुढे मुंबईच्या आय. आय. टी.त आले आणि या विद्येचे एक पीठ महाराष्ट्रात झाले.

महाराष्ट्रातले दुसरे ठिकाण म्हणजे अंबरनाथ. तेथे संरक्षण संशोधन संघटनेची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे. के. प्रभाकरन, आनंद मेलकेरी, एन. एम. गोखले आणि एस. सी. शर्मा यांनी या प्रयोगशाळेतून २००७ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातले गोठवणारे द्रव्य होते गहू! गव्हाचे कण मिश्रणात घालून तापवले की त्यांतले पिष्ट फुगते आणि खळीसारखे घट्ट होते. भट्टीत ते जळून गेले की त्याच्या जागी पोकळ्या राहतात. अशा जाळीदार ॲल्युमिनाचा उपयोग वितळलेला धातू गाळण्यास, उष्णता अडवण्यास होतो. याच प्रयोगशाळेने २००८ मध्ये आणखी एक युक्ती प्रसिद्ध केली. कणांना दूर लोटणाऱ्या द्रव्याला मॅग्नेशियाच्या चिमूटभर पुडीने निष्प्रभ करायचे. थंड असताना मिश्रण ओतण्याजोगे राहते, ऊब मिळाली की थिजते. हीत चतुराई अशी की, मॅग्नेशिया हे ॲल्युमिनाला परके नाही. ॲल्युमिना चांगले भाजले जावे म्हणून ते किंचित घालण्याची प्रथा १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत कोबल यांच्या संशोधनाने पडली होती, आणि सोडियमच्या दिव्याची अर्धपारदर्शक नळी त्याच संशोधनाचे फळ. म्हणजे जे विरजण लावले तेच पुढे भट्टीतही उपयोगी पडते. त्याला जाळून काढण्याचे कारणच नाही.

तिसरे ठिकाण ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र. तेथील काम जेलकास्टिंग या नावाखाली येत नाही, पण त्याचे नाते सख्ख्या भावंडाचे आहे. अणुइंधनाची भुकटी दाबून गोळ्या करायच्या तर किरणोत्सारी धूळ उडते, आणि ती श्वासातून जाणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. यावर उपाय म्हणून हॉलंडमध्ये निघालेली अंतर्गत जेलीकरणाची रीत ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी आत्मसात करून पुढे नेली. युरेनियमच्या थंड द्रावणात युरिया आणि हेक्सामिन मिसळतात आणि त्याचे थेंब तापलेल्या तेलात सोडतात. प्रत्येक थेंब पडता पडताच आतून गोठतो आणि मोत्यासारखा गोल मणी होतो. सगळे काम द्रवातच, धूळ नाही. येथे जेलने आकाराबरोबर माणसाचे फुप्फुसही राखले.

हा मुद्दा आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. कोरड्या भुकटीचे भय अणुइंधनापुरते नाही. दगडफोड, काचकाम, मातीकाम यांतली सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो. १९४८ च्या कारखाने कायद्यातील अधिसूचित रोगांच्या यादीत त्याला स्थान द्यावे लागले, ते उगाच नव्हे. पदार्थ ओला ठेवून आकार देणारी प्रत्येक रीत या धुळीला थोडा तरी आळा घालते. परंतु धूळ टाळण्यासाठी विष पत्करायचे, हा सौदा कामगाराने का मानावा? म्हणून अंड्याचा बलक, गहू, अगर, मॅग्नेशिया ही नावे ऐकून कोणी हसू नये. या नावांच्या मागे, ओतणाऱ्या माणसाचे हात शाबूत राहिले पाहिजेत, हा आग्रह आहे.

या रीतीचे गुण सांगताना अतिशयोक्ती मात्र टाळली पाहिजे. स्पार्क प्लगसारख्या लक्षावधी सारख्या वस्तू कोरड्या दाबानेच स्वस्त पडतात. मिश्रणात भुकटीचे प्रमाण जरा चुकले, हवा पुरती निघाली नाही, वाळवण्यात उतावीळ झाली, की ओतलेली वस्तू फुकट जाते. ॲक्रिलामाइडच्या रीतीत हवेतला प्राणवायू पृष्ठभागाजवळ जाळे विणू देत नाही, म्हणून कारखान्यात नायट्रोजनाचा वायू खेळवावा लागतो. अंड्याचे प्रत्येक पांढरे दुसऱ्यासारखे नसते आणि गव्हाचे प्रत्येक पोते पहिल्यासारखे नसते. कारखान्याला तर रोज तोच माल लागतो. २०१० नंतर शांघायच्या संशोधकांनी एकच बहुवारिक द्रव्य अगदी थोडे घालून कणांना दूर ठेवणे आणि गोठवणे ही दोन्ही कामे करून दाखवली. ॲक्रिलामाइडही नको आणि नायट्रोजनही नको. आज त्रिमित छपाईची यंत्रे साच्याशिवायच आकार देऊ पाहतात, तरी जाड आणि मोठ्या वस्तूंत ओतण्याची रीत आपली जागा राखून आहे. आणि ज्या मोटारीच्या टर्बाइनसाठी हा सारा खटाटोप झाला, ती मोटार रस्त्यावर आलीच नाही. तिच्यासाठी निघालेली विद्या तिच्याशिवाय जगली. इतिहासात असे वारंवार घडते.

मग आपल्या भागातल्या तरुणाने यातून काय घ्यावे? पुण्यापासून साताऱ्याकडे जाणाऱ्या या पट्ट्यात यंत्रकाम जाणणारे हात पुष्कळ आहेत. साचा कसा करावा, लेथवर माप कसे राखावे, हे त्यांना सांगावे लागत नाही. जेलकास्टिंगला अजस्र दाबयंत्र लागत नाही, पोलादी साच्यावर लाखो रुपये घालवावे लागत नाहीत. कण आणि पाणी यांच्या स्वभावाचे नेमके ज्ञान लागते, उत्तम भट्टी लागते आणि भरपूर धीर लागतो. पहिली गोष्ट महाविद्यालयातून मिळेल, दुसरी भांडवलातून. तिसरी आपल्या कुंभारांनी आणि ओताऱ्यांनी शतकानुशतके बाळगली होती. आपल्याकडे मात्र हाताने करणारा आणि ग्रंथ वाचणारा यांच्यात फार उंच भिंत उभी राहिली. कुंभाराला मातीचा लोच ठाऊक होता. त्याचे कारण विचारायला त्याच्याकडे कोणी गेले नाही. ओताऱ्याला मेणाची रीत मुखोद्गत होती. ती लिहून घ्यावी असे फार थोड्यांना वाटले. जेलकास्टिंगचा इतिहास जर काही शिकवत असेल तर ते हे की, विरजण, खळ आणि उकडलेले अंडे यांचे निरीक्षण प्रयोगशाळेत सन्मानाने नेता येते, आणि तेथून ते एंजिनाच्या पात्यापर्यंत पोचते. ती भिंत पाडण्याचे काम कोणत्याही पेटंटाने होणार नाही. ते शाळेच्या वर्गात आणि कारखान्याच्या ओट्यावर, एकमेकांच्या हाताखाली बसूनच व्हायचे आहे.